अकरा वाजताचा पियानो

"आधी एकच सूर वाजव, आणि तो विझेपर्यंत तोंड उघडू नकोस. घर काय म्हणतंय ते त्यातच ऐकू येतं."

वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. तरी कुठल्याही घरात पियानोचं झाकण उचललं, की पियानोवालीच्या कानात आधी हे वाक्य वाजायचं आणि मग पट्टी. ती पियानो लावायची. लावायची म्हणजे सुरात आणून द्यायची, वाजवणारे वेगळे. तारा हळूहळू सैल पडतात, त्या खुंट्या पिळून पुन्हा जागेवर आणायच्या, एवढंच तिचं काम. वडिलांचं तेच होतं, आजोबांचंही तेच.

त्या पहिल्या सुरातून तिला खरंच बरंच कळायचं. कुठल्या घरात रोज वाजतो, कुठे फक्त पाहुणे आल्यावर, आणि कुठे झाकणावरची धूळ पुसण्यापलीकडे त्याला कुणाचा हात लागत नाही. पट्ट्यांच्या फटींत तिला बिस्किटांचा चुरा सापडायचा, केसांच्या पिना सापडायच्या, एकदा तर अख्खा चमचा निघाला होता. पण या घरचं त्या घरी सांगायचं नाही, हा तिचा नेम होता. सकाळच्या प्रार्थनेइतकाच पक्का.

फरशीवाल्या वहिनींकडे ती वर्षातून दोनदा जायची. आठ घरांची ती गल्ली नवी होती, रुंद होती आणि सगळी घरं एका साच्यातून काढल्यासारखी सारखी होती. घरं सारखी असली की माणसांना चैन पडत नाही. त्यामुळे ज्याने त्याने दर्शनी भागात काहीतरी मांडून ठेवलं होतं. समोरच्या डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर. त्यांच्या अंगणात कारंजं. कोपऱ्यावरचे ड्रायव्हरकाका, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. त्यांच्या खिडकीत काचेचं कपाट आणि त्यात सोनेरी अक्षरांचा चोवीस खंडांचा ज्ञानकोश. आणि फरशीवाल्या वहिनींच्या मोठ्या खिडकीत, रस्त्यावरून जाणाऱ्याला नेमका दिसेल असा, काळा कुळकुळीत पियानो.

तो आला कसा तेही ऐकण्यासारखं होतं. फरशीवाले भाऊ आणि वहिनी आधी आपल्या फरशीच्या दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचे. धंदा वाढला, तशी या गल्लीत आली. पहिल्याच चहाला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमच्याकडे कशाची आवड आहे? वाचन, संगीत?" दुकानात फरशी पुसत लहानाच्या मोठ्या झालेल्या वहिनींना काही सुचेना. जीभ उचलली आणि टाळ्याला लावली. म्हणाल्या, "पियानो आहे ना आमच्याकडे." त्या वेळी घरात साधी शिट्टीसुद्धा नव्हती. पुढच्या आठवड्यात चार हमालांनी पियानो आणून ठेवला. सासूबाईंनी चष्मा पुसून त्याला पुढून-मागून न्याहाळलं आणि विचारलं, "याला दुपारी झोपता येतं का कुणाला? नाही? मग एवढी जागा कशाला खातोय?"

त्या दिवशी पियानोवाली दारात पाऊल टाकते न टाकते, तोच वहिनींनी तिचा हात धरला. 

"ताई, माझं पितळ उघडं पडणार. रविवारी गल्लीचा मेळावा आहे, आणि तो आमच्या दिवाणखान्यात आहे. सगळ्यांनी ठरवलंय, मी पियानो वाजवायचा."

"तुम्ही?"

"मीच! त्यांना वाटतं मला येतं. वर्षातून दोनदा, अकरा वाजता, खिडकी उघडी असते ना... तुम्ही शेवटी ते वाजवता, ते गल्लीभर ऐकू जातं."

पियानोवालीला उलगडा झाला. काम झालं की सगळे सूर एकमेकांशी नीट बोलतात का हे तपासायला ती वडिलांची एक छोटीशी गत वाजवायची. दोन मिनिटांची. तेवढीच तिला यायची.

"पहिल्या वेळी डॉक्टरीणबाई फाटकात भेटल्या," वहिनी सांगू लागल्या. "म्हणाल्या, 'काय सुरेख वाजवता हो!' मी हो म्हणाले नाही, ताई, देवाशप्पथ. पण नाहीही म्हणाले नाही. नुसती हसले. त्या हसण्याचीच ही शिक्षा."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "मी म्हटलं होतं, हाताला पट्टी बांध आणि मोकळी हो."

"आई, समोर डॉक्टर राहते!"

"ती दातांची आहे. ती पट्टी कशाला सोडून बघेल? तू काय तिच्या तोंडात घालणार आहेस हात?"

पियानोवालीला हसू आवरेना. पण वहिनींच्या डोळ्यांत पाणी दिसलं तशी ती गप्प झाली. वहिनींनी खाली मान घालून विचारलं, "तुम्ही पडद्यामागे बसून वाजवलंत तर?"

"पियानो खिडकीत आहे, वहिनी. पडद्यामागे मी बसले, तर रस्त्यावरून सगळ्यांना दिसेन."

 वहिनी जरा लाजत म्हणाल्या, "तसं मला थोडं येतं. तुमचं ऐकून ऐकूनच. तीन वर्षं मी स्वयंपाकघराच्या दारातून बघतेय. ऐकता का?"

त्या स्टुलावर ताठ बसल्या. डोळे मिटले. डाव्या हाताच्या एका बोटाने एक पट्टी वाजवली. एकदा, दोनदा, तीनदा. मग तिच्यापासून आठवी पट्टी. मग दोन्ही एकदम. उजवा हात त्यांनी खांद्याच्या वर, हवेत उचलून धरला होता आणि मनगट अगदी हलकेच वळवत होत्या. मान एका बाजूला कललेली. थांबल्या. पुन्हा तीनदा तोच सूर. पुन्हा ते मनगट. पुढची पट्टी.

पियानोवालीला कळेना, हसावं की रडावं. वहिनी तिची गत वाजवत नव्हत्याच. त्या वाजवत होत्या तिचं काम! सूर लावताना ती ज्या क्रमाने पट्ट्या ठोकायची तो क्रम, जिथे थांबायची ते थांबणं, आणि हवेतला तो हात म्हणजे खुंटी पिळणारी तिची किल्ली. दोन मिनिटांची गत कधी सुरू होते आणि कधी संपते ते वहिनींच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांच्या लेखी आधीचे दोन तास हेच खरं वाजवणं होतं. आणि चूक? एकही नाही. एखादी पट्टी इकडची तिकडे नाही.

"कसं वाटलं?" वहिनींनी डोळे उघडले.

खोटं बोलायचं नाही हाही पियानोवालीचा नेम होता, आणि आजच्याइतका तो तिला कधीच जड गेला नव्हता. ती त्यांच्या शेजारी बसली. मऊ आवाजात म्हणाली, "वहिनी, हे गाणं नाही. ही गाण्याआधीची तयारी आहे. मी पियानो दुरुस्त करताना जे ठोकते ना, ते."

 वहिनी हळूच म्हणाल्या, "म्हणजे जेवण राहिलं बाजूला, आणि मी तीन वर्षं ताटं घासण्याचा आवाज पाठ केला?"

आतून सासूबाईंचं खुसखुसणं ऐकू आलं. वहिनींनी आधी ओठ दाबून धरले. मग त्यांनाही फुटलं. दोघी स्टुलावर एकमेकींना धरून इतक्या हसल्या, की सासूबाई बाहेर येऊन बघून गेल्या, घरात कुणी वारलं की काय.

हसून झाल्यावर मात्र वहिनींचा चेहरा पुन्हा उतरला. "पण रविवारी मी काय करू, ताई? दुकानामागच्या खोल्यांतून आलेली म्हणून आधीच माझ्या चपलांकडे बघतात. आता खोटारडीही म्हणतील."

 "मी येईन रविवारी," पियानोवाली म्हणाली. "जवळ बसेन." त्या सगळ्या गडबडीत तिने काम उरकलं, आणि कधी नव्हे ते शेवटची गत न वाजवताच दुपारच्या बसला पळत गेली.

रविवारी पाच वाजता दिवाणखाना माणसांनी भरला. खुर्च्या कमी पडल्या म्हणून भाऊंनी दुकानातून फरशीची खोकी आणून त्यांवर चादरी घातल्या होत्या. डॉक्टरीणबाई पहिल्या रांगेत, मोत्यांचे डूल घालून. त्यांच्या शेजारी ड्रायव्हरकाका, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून न टेकता बसलेले. पियानोवालीला वहिनींनी स्टुलाशेजारी जागा दिली होती. ती कोण हे कुणी विचारलं नाही. वाजवताना वहीची पानं उलटायला आलेली कुणी असेल असं सगळे धरून चालले.

डॉक्टरीणबाई उठून बोलल्या. चांगल्या लांबलचक. "आपल्या गल्लीला अभिरुची आहे," त्या म्हणाल्या. "लोक महागडं घेतात, पण वापरायची समज सगळ्यांना नसते. ती वहिनींकडे आहे."

प्रत्येक वाक्यासरशी वहिनींची मान एकेक इंच खाली जात होती. टाळ्या झाल्या. वहिनी उठल्या. त्यांनी मनगटाला खरोखरच पांढरी पट्टी बांधली होती. शेवटी सासूबाईंचंच ऐकलं होतं त्यांनी. हात वर करून त्या म्हणाल्या, "मला माफ करा, माझा हात..."

आणि थांबल्या. शेजारी बसलेल्या पियानोवालीकडे पाहिलं. ती नुसती जवळ बसून राहिली, सांगितल्याप्रमाणे.

वहिनींनी पट्टी सोडायला सुरुवात केली. ती बरीच लांब होती. सोडता सोडता सगळा दिवाणखाना बघत राहिला.

"माझ्या हाताला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "मला पियानो येत नाही. तुम्ही अकरा वाजता ऐकता ते या ताई वाजवतात. त्या पियानो लावायला येतात. मी फक्त खिडकी उघडी ठेवते."

पहिल्या रांगेत मोत्यांचे डूल हलायचे थांबले. मागून कुणीतरी खोकलं. भाऊ चहाचा ट्रे घेऊन दारातच खिळले.

"पण तुम्ही इतके सगळे आलाच आहात," वहिनी म्हणाल्या, "तर मला जे येतं ते ऐकवते. ते गाणं नाही. ताई सूर कसे लावतात तेवढंच मला येतं."

त्या बसल्या. एक सूर, तीनदा. मग आठवा. मग दोन्ही. सुरुवातीला मागच्या खोक्यांवर कुजबुज होती. ती हळूहळू मावळली. एकेका सुराला एवढं थांबून, एवढं मन लावून कुणी ऐकतंय, हेच त्या माणसांनी कधी पाहिलं नव्हतं. सूर एकेक पायरी वर चढत गेले. मधल्या एका पट्टीवर वहिनींचं बोट पडलं आणि तिथेच अडलं.

त्यांनी ती पट्टी पुन्हा वाजवली. पुन्हा. कपाळाला आठी पडली.

"ताई, हा लागलेला नाही."

पियानोवाली दचकली. "शक्य नाही, वहिनी."

"लागलाय, पण अर्धाच. याच्यातली एक गप्प आहे. बाकीच्या सुरांत तिघी बोलतात, इथे दोघीच."

डॉक्टरीणबाईंना राहवलं नाही. "आम्हाला तर सगळे सारखेच वाटतायत."

पियानोवालीने उठून पियानोवरचे फोटो उतरवले, वरचं झाकण उघडून आत पाहिलं, आणि तिचे कान लाल झाले. पियानोत बहुतेक सुरांमागे तीन-तीन तारा असतात. एकीला लावताना शेजारणींना गप्प बसवायला मध्ये रबराची पाचर खुपसावी लागते, आणि काम झालं की ती काढावी लागते. पाचर तिथेच होती. बावीस वर्षांत कधी झालं नव्हतं ते त्या दिवशीच्या हसण्या-रडण्यात झालं होतं. ती विसरून गेली होती.

कुणाला काही कळलं नसतं. गुपचूप काढून खिशात टाकता आली असती. तिने ती पाचर दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "ही मी आत विसरले, आणि हिच्याखालची तार लावायची राहिली. हे माझं मलाही ऐकू आलं नाही. वहिनींना आलं."

तिने पट्टी वाजवली. आता तिसरी तारही बोलली, पण अशी बेसूर, की सासूबाईंनी कानावर हात ठेवले. "अगं बाई! ही तर माझ्या नणंदेसारखी गातेय!"

दिवाणखाना खदखदला. त्या हशातच पियानोवालीने पिशवीतून किल्ली काढली आणि वहिनींच्या हातात दिली.

"लावा."

"मी?"

"हवेत तीन वर्षं फिरवलीत ना? आता खरी खुंटी धरा. नखाएवढंच हलवायचं."

वहिनींचा उजवा हात वर गेला, त्याच जागी, त्याच उंचीवर. पियानोवालीने त्यावर आपला हात नुसता ठेवला. डाव्या हाताने पट्टी वाजली. सूर थरथरत होता, थंडीने दात वाजावेत तसा. किल्ली किंचित वळली. थरथर मंदावली. अजून किंचित. आता सगळ्या खोलीला ती ऐकू येत होती: लांब, संथ, पाळण्याच्या झोक्यासारखी. मग आणखी एक केसभर, आणि सूर एकाएकी स्थिर झाला. तीन तारा, आवाज एक. तो लांबत गेला, बारीक होत गेला, आणि पूर्ण विझेपर्यंत कुणी हललं नाही.

"अरे वा," ड्रायव्हरकाका पुटपुटले. "गिअर पडला!"

मग ज्या टाळ्या पडल्या, त्या आधीच्या टाळ्यांसारख्या नव्हत्या. भाऊ ट्रे तसाच धरून ओरडले, "अहो, ऐकलंत का? माझ्या बायकोने लावला!" आणि दोन कप फरशीवर गेले. फरशीला काही झालं नाही. ते त्यांनी सगळ्यांना दाखवून दिलं.

चहाला मात्र गंमत झाली. एकीने खरं सांगितलं की बाकीच्यांच्या जिभाही सैल होतात. ड्रायव्हरकाका म्हणाले, "माझा ज्ञानकोश मुलाने दिलाय. मी अजून पहिल्या खंडाचं पहिलंच पान वाचतोय. काचेमागे ठेवलाय तो कुणी उघडून प्रश्न विचारू नये म्हणून." कुणीतरी सांगितलं, की त्यांच्याकडचं चालायचं यंत्र फक्त टॉवेल वाळत घालायला आहे. भाऊंनी कबूल केलं, की घरातली सगळ्यात भारी फरशी पायपुसण्याखाली झाकलेली आहे, कारण तिच्यावरून ते स्वतः दोनदा घसरलेत. लोक पोट धरधरून हसत होते. जो तो आपलं गुपित आधी सांगायला धडपडत होता, जणू त्यातही पहिला नंबर काढायचा होता.

डॉक्टरीणबाई तेवढ्या गप्प होत्या. कप रिकामा झाला तरी हातात धरून बसल्या होत्या. गर्दी जरा पांगल्यावर त्या पियानोवालीजवळ आल्या. वहिनी शेजारीच फोटो परत मांडत होत्या.

"जुना पियानो लावता येतो का?" त्यांनी हळूच विचारलं. "चौदा वर्षं कुणी उघडलेला नाही."

"तारा शाबूत असतील तर येतो. कुणाचा आहे?"

"माझ्या आईचा." डॉक्टरीणबाईंनी कपात पाहिलं. "ती इथून पाच बसथांब्यांवर राहते. धोब्याच्या दुकानाच्या वर. एकच खोली आहे, आणि निम्मी त्या पियानोनेच भरलीय. ती शिकवायची पोरांना. माझं शिक्षण त्याच्यावरच झालं. मीच तिला म्हटलं होतं, हा जुनाट खटारा विकून टाक, लोक काय म्हणतील. तिने विकला नाही, पण त्या दिवसापासून झाकणही उघडलं नाही."

वहिनींचा हात फोटोवर तसाच राहिला. चपलांकडे बघणारी बाई म्हणून ज्यांना त्या तीन वर्षं घाबरत होत्या, त्यांच्या गालावरून एक थेंब ओघळला होता.

"बुधवारी सकाळी मी मोकळी आहे," पियानोवाली म्हणाली.

"पत्ता लिहून देते. आईला तसं कळवते..."

"पत्ता नको. तुम्ही बरोबर चला. माझ्या हाताने लागेल तो, पण उघडायचा तुमच्या आईंनी आहे. आणि त्या तुमच्या सांगण्यावरूनच उघडतील."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "बुधवारी माझ्याकडे सकाळपासून माणसं असतात, दवाखान्यात."

पियानोवाली वाट बघत राहिली.

"येईन," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या. "शब्द देते."

"मीही येणार," वहिनींनी मध्येच सांगून टाकलं. "पाचरा मोजायला कुणीतरी हवं ना!"

बुधवारी सकाळी साडेसातला पियानोवाली गल्लीच्या तोंडाशी पोचली. वहिनी आधीच उभ्या होत्या, मागे सासूबाई फाटकातून ओरडत होत्या, "त्या आईला म्हणावं, जागा कमी पडत असेल तर आमच्याकडचा एखादा कोपरा ने उचलून!" दोघी वाट बघत थांबल्या. पावणेआठ झाले. समोरच्या घराचा पडदा हलला नाही.

"नाही यायच्या," वहिनी कुजबुजल्या. "रविवारी सगळ्यांनाच भरून आलं होतं. बुधवारपर्यंत ओसरतं ते."

तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. अंगावर घरातले साधे कपडे, पायांत चपटी चप्पल. घरालगतच्या दवाखान्याच्या दारावर त्यांनी 'आज बंद' असा एक कागद चिकटवला, कोपरे बोटाने दाबून नीट बसवले. या दोघी दिसल्या, तशी त्यांनी फक्त मान हलवली. मग पदपथावर उतरल्या आणि बसथांब्याच्या दिशेने, कुणाची सोबत आहे की नाही हे न बघता, भराभर चालू लागल्या.